शालेय नीतिशिक्षणाचा अभ्यासक्रम : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

सद्वर्तन शिकविता येते काय, हा प्रश्न पुरातन आहे. ते शाळेने शिकवावे काय, हा प्रश्न त्या मानाने अर्वाचीन आहे. परंतु शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांस सारख्याच खुल्या असलेल्या शाळेने ते कोणत्या अधिष्ठानावर, कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी शिकवावे, हा प्रश्न भारतात प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतरच खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही. नीतिशिक्षणाची आवश्यकता सर्वांस मान्य असते. मतभेद सुरू होतो तो अभ्यासक्रम लिहावयास बसल्यानंतर.

गणिताच्या अथवा भाषेच्या अभ्यासक्रमात तीन गोष्टी गृहीत असतात. काय शिकवावयाचे हे निश्चित असते, आधी काय व नंतर काय यास काही तर्क असतो, आणि शिकविलेले विद्यार्थ्याच्या अंगी उतरले की नाही हे पाहण्याची काही रीत असते. नीतिशिक्षणाच्या नावाने आजवर जे कागद तयार झाले, त्यांत बहुधा पहिलीच गोष्ट असते, आणि तीही नुसत्या मूल्यनामांच्या यादीच्या रूपाने. अशी यादी ही अभ्यासक्रमाची प्रस्तावना होऊ शकेल. अभ्यासक्रम होऊ शकत नाही. ज्या प्रसंगांत मूल प्रत्यक्ष निर्णय घेते ते प्रसंग अभ्यासक्रमाचा विषय झाले पाहिजेत, आणि परीक्षा व्हावयाची ती मुलाच्या शीलाची न होता शाळेच्या व्यवहाराची झाली पाहिजे, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे. ते केवळ तत्त्व म्हणून न मांडता एका जिल्ह्याच्या परिस्थितीवर ताडून पाहणे इष्ट ठरेल. त्यासाठी जालना जिल्हा अनेक कारणांनी उपयुक्त आहे.

२. जिल्ह्यातील नीतिशिक्षणाच्या परंपरा

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफराबाद व अंबड हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हा तालुका मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे त्याचे आठ तालुके आहेत. जिल्हा नवा असला तरी नीतिशिक्षणाच्या निरनिराळ्या परंपरांचे थर येथे फार पूर्वीपासून साचलेले आहेत.

पहिला थर संतवाङ्मयाचा. समर्थ रामदासांचा जन्म इ. स. १६०८ मध्ये जांब येथे झाला. हे गाव आज जांबसमर्थ या नावाने घनसावंगी तालुक्यात आहे. रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतले गेले. पाठांतरातून संस्कार ही या परंपरेची रीत. लहानपणी कानावर पडलेले व जिभेवर रुळलेले वचन पुढे अनुभवाच्या प्रसंगी अर्थ देईल, अशी तीमागील श्रद्धा होती.

दुसरा थर मिशनरी शाळांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालना येथे कार्य केले व शहरानजीक बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. मिशनच्या शिक्षणात धर्मग्रंथाचे वाचन व वसाहतीतील नियमबद्ध सामूहिक जीवन यांची सांगड होती.

तिसरा थर निजामी शिक्षणपद्धतीचा. हैदराबाद संस्थानाने विद्यार्थ्यांची धर्मानुसार विभागणी करून या प्रश्नाचे आपले उत्तर शोधले होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मुस्लिम विद्यार्थ्यांस 'दीनियात', म्हणजे धर्मशास्त्र, तर इतरांस 'अखलाकियात', म्हणजे नीतिशास्त्र, शिकविले जाई. या व्यवस्थेमुळे एक गोष्ट अनायासे मान्य झाली : धर्माचा आधार न घेताही नीतीचा स्वतंत्र पाठ्यविषय होऊ शकतो. मात्र तो सर्वांसाठी एकच असावा हे तत्त्व तीत नव्हते. एका संस्थेत शिकणारी मुले नीतीच्या तासापुरती वेगळी बसत.

चौथा थर प्रजासत्ताकाचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आले व त्याच्या २८ व्या कलमाने पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या आधिपत्याखाली आल्या. ज्या शाळांसाठी आज नीतिशिक्षणाचा अभ्यासक्रम आखावयाचा त्या प्रामुख्याने याच शाळा होत. पूर्वीच्या तिन्ही परंपरांचे अवशेष गावागावांत, घरांत व शिक्षकांच्या मनांत जिवंत असताना ही शाळा मात्र त्यांपैकी कोणत्याही एकीवर उभी राहू शकत नाही, ही या प्रश्नाची खरी अडचण होय.

३. शासकीय विचाराचा क्रम

ही अडचण ब्रिटिश अमदानीतही जाणवली होती. १८८२ च्या हंटर आयोगाने महाविद्यालयांसाठी 'नैसर्गिक धर्मा'च्या मूलतत्त्वांवर आधारित नीतिविषयक पाठ्यपुस्तक तयार करण्याचा प्रयत्न व्हावा अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी आपल्या स्वतंत्र टिपणीत या सूचनेस विरोध नोंदविला. सर्व धर्मांस मान्य होईल असा 'नैसर्गिक धर्म' पाठ्यपुस्तकात बांधता येईल काय, आणि पुस्तक वाचून नीती येते काय, असे दोन भिन्न प्रश्न या वादात गुंतलेले होते. पुढील सर्व चर्चा याच दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ऑगस्ट १९५९ मध्ये केंद्र सरकारने धार्मिक व नैतिक शिक्षणाच्या विचारार्थ एक समिती नेमली. त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल असलेले श्रीप्रकाश हे तिचे अध्यक्ष होते. शिक्षणसंस्थांत नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचे शिक्षण देणे इष्ट व विशिष्ट मर्यादेत शक्य आहे, असा निष्कर्ष तिने १९६० मध्ये दिला. दिवसाच्या प्रारंभी काही क्षण मौन, प्राथमिक स्तरावर गोष्टी व समूहगान अशी साधने तिने सुचविली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने वेळापत्रकात आठवड्यास एकदोन तास नैतिक व सामाजिक मूल्यांसाठी राखावेत असे म्हटले. त्याचबरोबर शाळेचे एकंदर वातावरण व सर्व विषयांचे अध्यापन यांतून होणाऱ्या अप्रत्यक्ष संस्कारावरही भर दिला.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा मराठवाड्यातील एका नेत्याशी निगडित आहे. शंकरराव चव्हाण हे अध्यक्ष असलेल्या संसदीय स्थायी समितीने १९९९ मध्ये मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल सादर केला. सत्य, सदाचरण, शांती, प्रेम व अहिंसा ही पाच सार्वत्रिक मूल्ये तिने पायाभूत मानली व विविध धर्मांच्या मूलतत्त्वांचा परिचय विद्यार्थ्यांस व्हावा असे सुचविले. या अहवालाचा आधार घेणाऱ्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्याच्या २००२ मधील निर्णयाने आराखडा वैध ठरविला. धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माची शिकवण देणे यांत भेद आहे, कलम २८ ची मनाई दुसऱ्या गोष्टीस आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा भेद कागदावर स्पष्ट असला तरी वर्गात तो धूसर होतो. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात 'मनाचे श्लोक' व भगवद्गीता यांच्या पठणाचा उल्लेख असल्याने राज्यभर वाद झाला. रामदासांचे जन्मस्थान ज्या जिल्ह्यात आहे तेथे हा प्रश्न विशेष बारकाईने पाहावयास हवा. जांबच्या मुलाने आपल्या गावच्या कवीचे काव्य मराठीच्या तासास अभ्यासावे, त्याचा काळ व त्याची भाषा समजून घ्यावी, यात कोणताही संवैधानिक अडसर नाही. तेच काव्य नीतीचे अधिष्ठान म्हणून शाळेतील प्रत्येक मुलास अनिवार्य केले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. कारण त्या क्षणी शाळा काही मुलांस त्यांच्या घरची भाषा बोलते व काहींस परकी वाटू लागते. वचन तेच राहते, अध्यापनाचा हेतू बदलतो.

मग सर्वांस समान असे अधिष्ठान कोणते? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संवैधानिक नीतीचा विचार मांडला. ती माणसाच्या ठायी उपजत नसते, प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जी गोष्ट उपजत नाही व जोपासावी लागते, ती शिक्षणाचा विषय होते हे उघड आहे. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा असे बंधनच घातले. न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता यांवर आधारलेले नीतिशिक्षण हे त्यामुळे आता केवळ एक पर्याय राहिलेले नसून विधिविहित कर्तव्य ठरले आहे.

४. मूल्यांच्या यादीची मर्यादा

महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षणासाठी दहा मूल्यांची एक यादी रूढ आहे : वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता व सौजन्यशीलता. दररोजच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा व मौन या क्रमाने तिला स्थान मिळते. परिपाठाने शाळेच्या दिवसास एक सामूहिक प्रारंभ दिला, ही त्याची जमेची बाजू होय. तथापि यादी म्हणून तिची चिकित्सा केल्यास तीन गोष्टी दिसून येतात.

एक, यातील सर्व मूल्ये एकाच जातीची नाहीत. वक्तशीरपणा व नीटनेटकेपणा या सवयी आहेत. त्या सरावाने लागतात. संवेदनशीलता व सौजन्य या वृत्ती आहेत. त्या सहवासाने व अनुकरणाने रुजतात. वैज्ञानिक दृष्टिकोन ही विचाराची पद्धती आहे. ती प्रश्न विचारण्याच्या मोकळिकीशिवाय येत नाही. स्त्री-पुरुष समानता हे सामाजिक न्यायाचे तत्त्व आहे. ते प्रचलित रूढीशी संघर्ष केल्याविना कळत नाही. या सर्वांस सुविचार व बोधकथा हे एकच साधन लावणे म्हणजे पोहणे, गाणे व गणित ही तिन्ही फळ्यावर लिहून शिकविण्यासारखे आहे.

दोन, यादीत काय नाही हेही पाहावयास हवे. प्रामाणिकपणा व न्याय ही दोन मूल्ये तीत नावाने आलेली नाहीत. मुलांच्या आपसांतील भांडणांत मात्र सर्वांत आधी व सर्वांत तीव्रतेने ऐकू येणारी तक्रार न्यायाचीच असते.

तीन, मूल्यांचा परस्परांशी विरोध उत्पन्न झाल्यास यादी मौन धारण करते. परीक्षेत मित्राने उत्तर दाखविण्याची विनंती केली असता सौजन्य एकीकडे ओढते व सचोटी दुसरीकडे. वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि बहिणीचे शिक्षण थांबवू नये ही समानतेची मागणी यांत निवड करावी लागते. नीतीचा खरा प्रारंभ अशा निवडीपासून होतो, आणि नेमका तेथेच सुविचार संपतो.

जालना जिल्ह्याच्या परिस्थितीत या मर्यादेस वेगळीच धार येते. जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीस जातात व गळिताचा हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यासमवेत गेलेल्या मुलाचे शाळेचे कित्येक महिने बुडतात. अशा मुलाच्या दृष्टीने वक्तशीरपणाचा तक्ता व पूर्ण उपस्थितीचे बक्षीस म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या दारिद्र्यास दिलेला शेरा होय. श्रमप्रतिष्ठेचा सुविचार फळ्यावर असताना श्रमिकाचे मूल मागच्या बाकावर अपराधी मुद्रेने बसलेले असेल, तर शाळेने त्या दिवशी कोणते मूल्य शिकविले? हंगामी वसतिगृहांची योजना अशा मुलांस गावी ठेवण्यासाठी आहे. परंतु परतलेल्या मुलास वर्ग कसा स्वीकारतो, हा नीतिशिक्षणाचाच प्रश्न आहे.

मुलींबाबतही असेच म्हणता येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक असलेल्या जिल्ह्यांत जालन्याचा समावेश होतो. स्त्री-पुरुष समानतेचा पाठ सातवीच्या वर्गात वाचला जातो, आणि तो ऐकणाऱ्या मुलींपैकी काहींच्या घरी त्याच वेळी निराळी बोलणी चाललेली असतात. अभ्यासक्रम याविषयी काही बोलत नसेल, तर मुलांनी त्यातून काढावयाचा निष्कर्ष एकच : शाळेतील मूल्ये शाळेपुरती असतात.

५. संशोधनाची साक्ष

उपदेश व आचरण यांतील अंतर हा केवळ अनुभवाचा विषय नाही; त्याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे यांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सुमारे अकरा हजार मुलांस फसवणूक करण्याची संधी मिळेल असे प्रसंग निर्माण करून त्यांचे वर्तन पाहिले. एका प्रसंगी प्रामाणिक राहणारे मूल दुसऱ्या प्रसंगी तसे राहीलच असे आढळले नाही, आणि योग्य काय हे ठाऊक असणे व तसे वागणे यांतील संबंध क्षीण दिसला. प्रामाणिकपणा हा मुलाच्या अंगी असलेला वा नसलेला गुण मानण्यापेक्षा प्रसंग, गटाचा प्रघात व पकडले जाण्याची शक्यता यांच्याशी बांधलेले वर्तन मानावे, असे त्यांचे मत झाले. परीक्षेतील कॉपीचा प्रश्न ज्या प्रदेशात दरवर्षी चर्चेत येतो व ज्यासाठी 'कॉपीमुक्त अभियान' राबवावे लागते, तेथे हा निष्कर्ष मननीय ठरतो. केंद्रावरील बंदोबस्त पकडले जाण्याची भीती वाढवितो; वर्गातील प्रघात बदलण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मधील ग्रंथात मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास मांडला. लहान मुले खेळाचे नियम थोरांनी घालून दिलेले व अपरिवर्तनीय मानतात. दहाबारा वर्षांच्या सुमारास नियम परस्परसंमतीने बनतात व संमतीने बदलता येतात, ही जाण येते. हा बदल थोरांच्या आज्ञेपेक्षा समवयस्कांच्या सहकार्यातून घडतो, असे पियाजे यांचे प्रतिपादन होते. त्याआधी एमील दर्केम यांनी १९०२-०३ च्या व्याख्यानांत नीतीची तीन अंगे सांगितली होती : शिस्त, समूहाविषयी आत्मीयता व स्वायत्तता. आपल्याकडील शालेय व्यवहारात पहिले अंग बहुधा पुष्कळ असते, दुसरे परिपाठापुरते दिसते व तिसरे जवळजवळ नसते.

पद्धतशीर कार्यक्रमांनीही यश हमखास मिळते असे नव्हे. अमेरिकेत शीलसंवर्धनाच्या सात कार्यक्रमांची एकत्रित तपासणी होऊन २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरीने पाहता मुलांच्या वर्तनावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. जपानचा अनुभव आणखी बोलका आहे. तेथील 'शूशिन' हा नीतिविषय राष्ट्रवादी आज्ञाधारकतेचे साधन बनल्याने डिसेंबर १९४५ मध्ये स्थगित करण्यात आला. १९५८ मध्ये नीतीचा साप्ताहिक तास नव्याने सुरू झाला व २०१८ पासून प्राथमिक शाळांत त्यास विशेष विषयाचा दर्जा मिळाला. तो देताना मात्र गुणांकन वर्ज्य करून केवळ वर्णनात्मक नोंद ठेवण्याचे ठरले. नीतीस गुण देऊ लागल्यास मूल नीतीऐवजी गुण मिळविण्यास शिकते, ही भीती त्यामागे होती.

६. शेजारचा प्रयोग

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी. तिच्या पलीकडे बीड जिल्हा. तेथील जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या वतीने 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम सुरू झाला. २०१५ नंतर राज्य शासनाच्या सहकार्याने तो राज्याच्या इतर जिल्ह्यांत नेण्यात आला. वर वर्णन केलेल्या यादीहून या कार्यक्रमाचे वेगळेपण दोन बाबतींत आहे. त्याने संविधानातील मूल्यांचे अधिष्ठान उघडपणे स्वीकारले. आणि उपदेशाऐवजी जोडीने चर्चा, गटकार्य व सहयोगी खेळ या कृतींस मध्यवर्ती स्थान दिले. मुलाने ऐकून घेण्याऐवजी बोलावे, शिक्षकाने उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारावा, हा त्यातील मुख्य बदल होय.

शेजारच्या जिल्ह्यातील शेती, दुष्काळ, ऊसतोडणीचे स्थलांतर व शाळांची स्थिती जालन्याशी मिळतीजुळती असल्याने हा प्रयोग येथील अभ्यासकांस विशेष उपयुक्त आहे. तथापि राज्यव्यापी कार्यक्रमास एक अपरिहार्य मर्यादा असते. सर्व जिल्ह्यांसाठी एकाच नमुन्याने तयार झालेली कृतिपुस्तिका विशिष्ट गावातील विशिष्ट प्रसंग हाती घेऊ शकत नाही. ते काम शाळेस स्वतः करावे लागते.

७. अभ्यासक्रमाची रचना

या विवेचनाच्या आधारे अभ्यासक्रमाची रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येईल. तिची पहिली पायरी प्रसंगसूचीची. शिक्षकांनी शालेय जीवनातील असे प्रसंग लिहून काढावेत की ज्यांत काहीतरी वाटून घ्यावे लागते, कोणाची तरी पाळी ठरवावी लागते, कोणाला तरी वगळले जाते अथवा खरे बोलणे महाग पडते. बहुतेक शाळांत पुढील प्रसंग सापडतील : टँकरच्या दिवसांतील पाण्याचे वाटप, शालेय पोषण आहाराची पंगत, वर्ग झाडण्याची पाळी, खेळाच्या संघाची निवड, चाचणी परीक्षा, नव्याने अथवा हंगामानंतर दाखल झालेले मूल, आणि शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुलगी.

दुसरी पायरी क्रमाची. पहिली-दुसरीत सवयी व सहवास यांवर भर असावा : पाळीने पाणी घेणे, पंगतीत कोणीही कोणाहीशेजारी बसणे, वस्तू जागेवर ठेवणे. येथे स्पष्टीकरण अल्प व सराव अधिक. तिसरी ते पाचवीत नियमांची निर्मिती यावी. वर्गाचे चारपाच नियम मुलांनी चर्चेने ठरवावेत, महिन्याने त्यांचा फेरविचार करावा व नियम मोडल्यास काय करावे हेही त्यांनीच सुचवावे. सहावी ते आठवीत मूल्यसंघर्षाचे प्रसंग यावेत. उदाहरणार्थ, ऊसतोडणीहून परतलेल्या सहाध्यायास सहामाही परीक्षेत अनुत्तीर्ण ठरविणे न्याय्य आहे काय, सर्वांस समान वागविणे व सर्वांस न्याय देणे या एकच गोष्टी आहेत काय, असा प्रश्न वर्गापुढे ठेवता येईल. नववी-दहावीत हेच प्रश्न गाव व कायदा यांच्याशी जोडावेत : विवाहाच्या वयाचा कायदा, सार्वजनिक पाणवठ्याचा इतिहास, संविधानातील हक्क व १९७६ मध्ये समाविष्ट झालेली मूलभूत कर्तव्ये.

तिसरी पायरी इतर विषयांशी सांधा जुळविण्याची. वर्ग झाडण्याची पाळी मुलींकडे अधिक येते काय, हे चौथीचा वर्ग महिनाभर नोंदी ठेवून गणिताच्या तासास मोजू शकतो. यात समानता, वैज्ञानिक दृष्टी व गणित तिन्ही एकत्र येतात, आणि निष्कर्ष मुलांचा स्वतःचा असल्याने तो नाकारता येत नाही. संतवाङ्मय, बौद्ध व सूफी परंपरा, बायबलमधील दृष्टान्तकथा यांचे स्थान भाषा व इतिहास या विषयांत राहील. तेथे ती जिल्ह्याचा सांस्कृतिक वारसा म्हणून यावीत. कोणावरही श्रद्धेचे बंधन न घालता.

चौथी पायरी शिक्षकाची. १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करणारा शिक्षणहक्क कायदा हा नीतिशिक्षणाचा पहिला पाठ मानला पाहिजे. अहिंसेचा सुविचार ज्या हाताने लिहिला त्याच हाताने छडी उगारल्यास मुले कोणता धडा घेतील हे सांगण्याची आवश्यकता नाही. शिक्षकांच्या मासिक बैठकीत एक प्रसंग घेऊन त्यावर स्वतः शिक्षकांनी चर्चा करावी, म्हणजे वर्गात चर्चा घडविण्याची सवय जडेल.

या रचनेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. ज्या शाळांत मुलांस वाचन व हिशेब नीट येत नाहीत, तेथे नियमांवरील चर्चेस वेळ कोठून आणावा? आक्षेप अनाठायी नाही, आणि स्वतंत्र तास वाढविणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. परंतु पंगत, पाण्याची रांग, परिपाठ व परीक्षा या गोष्टी शाळेत रोज घडतच आहेत. त्यांतून मुलांस काही ना काही नीती शिकविली जातच आहे. प्रस्तुत अभ्यासक्रम वेळेची नवी मागणी अल्पच करतो. जे नकळत शिकविले जात आहे ते जाणीवपूर्वक शिकविण्याची मागणी करतो.

८. मूल्यमापन व संशोधनाची दिशा

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींची सोय आहे. त्या ठरावीक शब्दांत भरल्या जाण्याचा धोकाही आहे. 'सौजन्याने वागतो' ही नोंद मुलाविषयी फारसे काही सांगत नाही. त्याऐवजी शाळेच्या व्यवहाराविषयी पाच प्रश्न वर्षातून दोनदा विचारता येतील. पंगतीत मुले जातीने वा लिंगाने वेगळी बसतात काय? स्वच्छतेची पाळी कोणाकडे किती आली? हंगामानंतर परतलेली किती मुले दुसऱ्या महिन्यात टिकून आहेत? वर्गाने ठरविलेला एखादा नियम शिक्षकासही लागू आहे काय? आठवीतून नववीत जाताना किती मुली गळल्या व त्यांपैकी किती जणींच्या घरी शाळा गेली? या प्रश्नांची उत्तरे मोजता येतात, पडताळता येतात व सुधारताही येतात. त्यांसाठी कोणत्याही मुलाच्या शीलावर शिक्का मारावा लागत नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांस या क्षेत्रात पुष्कळ काम आहे. एका तालुक्यातील शाळांच्या प्रसंगसूची गोळा करून त्यांची तुलना करणे, स्थलांतरितांचे प्रमाण अधिक असलेल्या व नसलेल्या गावांत मुलांच्या न्यायविषयक कल्पनांत भेद आढळतो काय हे पाहणे, निजामी काळातील नीतिविषयक पाठ्यपुस्तकांचा शोध घेणे, परिपाठाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून त्यात मुले किती वेळ बोलतात व किती वेळ ऐकतात याची नोंद करणे, हे सर्व विषय अल्प साधनांत हाती घेता येण्यासारखे आहेत. यातील निष्कर्ष अनुकूलच येतील असे गृहीत धरण्याचे कारण नाही. प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच निःसंकोचपणे प्रसिद्ध झाले पाहिजेत.

नीतिशिक्षणाचे यश परिपाठाच्या मैदानावर मोजण्यापेक्षा वसंत ऋतूच्या अखेरीस वर्गाच्या दारात मोजावे लागेल. ऊसाच्या फडावरून परतलेले मूल त्या दारात उभे राहते, तेव्हा त्याच्यासाठी बाकावर जागा कोण करून देते, त्याचा बुडालेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी कोण घेते, आणि हे शिक्षकाने सांगण्याची वाट वर्ग पाहतो की नाही, यावरून त्या शाळेच्या अभ्यासक्रमाची पारख होईल.